बाबासाहेबांची फी कोणी भरली?

प्रवेशाचे दिवस आले की विहारात एकच चिंता ऐकू येते: मार्क आहेत, पण फीचं काय? अशा वेळी आपण बाबासाहेबांच्या पदव्या मोजतो. त्या पदव्यांसाठी पैसा कुठून आला, हे मात्र विसरतो.

1907 साली भीमराव मॅट्रिक झाले. सत्कारसभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. पुढे रामजीबाबांना कॉलेजचा खर्च झेपेना, तेव्हा गुरुजींनीच बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे शब्द टाकला. महिना 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाले.

फेब्रुवारी 1913 मध्ये रामजीबाबा गेले. त्याच वर्षी कोलंबिया विद्यापीठासाठी बडोद्याची शिष्यवृत्ती मिळाली: महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानात नोकरीचा करार. न्यूयॉर्कहून ते लंडनला गेले. पण मुदत संपली आणि 1917 साली अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. सामानाचं जहाज बुडालं. बडोद्यात एवढ्या शिकलेल्या माणसाला जातीमुळे राहायला घर मिळालं नाही.

पण अर्धं राहिलेलं शिक्षण त्यांनी सोडलं नाही. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले. मित्र नवल भथेना यांच्याकडून पाच हजार रुपये कर्ज घेतलं, राजर्षी शाहू महाराजांनीही मदत केली. 1920 साली ते पुन्हा लंडनला गेले आणि डी.एस्सी. व बॅरिस्टर होऊन आले. इकडे माता रमाईंनी परळच्या चाळीत टंचाईत संसार ओढला. त्या पदव्यांत त्यांचाही वाटा आहे.

आम्हाला सर्वांत मोठी वाटते ती पुढची गोष्ट. स्वतःला राजाची कृपा आणि मित्राचं कर्ज यांवर शिकावं लागलं. पुढच्या मुलांवर ती वेळ येऊ नये, याची तजवीज बाबासाहेबांनी केली. 1925 साली बहिष्कृत हितकारिणी सभेचं वसतिगृह सोलापुरात सुरू झालं. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना त्यांनी अनुसूचित जातींच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी तिजोरीतून तीन लाख रुपये मंजूर करून घेतले. 1944 पासून सुरू झालेली हीच ती मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. पुढे 1945 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, 1946 साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज आणि 1950 साली औरंगाबादेत मिलिंदची सुरुवात झाली.

म्हणून, मित्रांनो, शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना मान खाली घालू नका. ती भीक नाही, बाबासाहेबांनी मिळवून दिलेला हक्क आहे. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला आजच काढून ठेवा. महाडीबीटीवर मुदतीत अर्ज करा. वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर स्वाधार योजनेची चौकशी करा. परदेशी जायचं असेल, तर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे.

आणि आपण, जे शिकून नोकरीला लागलो, त्यांनी काय करायचं? केळुसकर गुरुजींनी एका मुलासाठी शब्द टाकला. आपल्या वस्तीतल्या एका मुलाचा अर्ज भरून देणं, शिष्यवृत्ती जमा होईपर्यंत त्याचा पहिला हप्ता भरणं आपल्याला नक्कीच जमेल. या वर्षी प्रत्येक विहाराने एवढं तरी करूया.

जय भीम!