नेत्ररुग्णांच्या नोंदी ठेवणारा राजा : तंजावरचे दुसरे सरफोजी

आज मूर्तिजापूरसारख्या गावातही डोळे तपासायचे म्हटले की अक्षरांचा तक्ता, बॅटरी आणि यंत्रे डोळ्यांसमोर येतात. ही साधने नव्हती तेव्हा डोळ्यांचे दुखणे ओळखणार तरी कसे? या प्रश्नाचे उत्तर एका मराठी राजाच्या चरित्रात सापडते. ते राजे म्हणजे तंजावरचे दुसरे सरफोजी भोसले.

शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात तंजावरला मराठी राज्य स्थापन केले. मालोजीराजांनी अहमदनगरच्या शाह शरीफ या पीरांवरील श्रद्धेने आपल्या मुलांची नावे शहाजी व शरीफजी अशी ठेवली, असे परंपरा सांगते. सरफोजी हे नाव त्याच शरीफजीचे रूप मानले जाते. याच घराण्यातील प्रतापसिंहराजांनी नागोरच्या दर्ग्याचा उंच मिनार बांधून दिला.

सरफोजींचा जन्म १७७७ साली झाला. तुळजाराजांनी १७८७ साली त्यांना दत्तक घेतले आणि लवकरच ते निवर्तले. गादी अमरसिंहांकडे गेली. पोरक्या राजपुत्राचे दिवस कोंडवाड्यात गेल्यासारखे गेले व शिक्षणाचीही हेळसांड झाली. तेव्हा श्वार्ट्झ या जर्मन पाद्र्यांनी त्यांची बाजू घेतली, त्यांच्या शिक्षणाची व्यवस्था केली. पुढे त्यांना मद्रासला पाठविण्यात आले. मराठी, तमिळ, संस्कृत, इंग्रजी अशा अनेक भाषांचा त्यांनी अभ्यास केला. श्वार्ट्झ गेल्यावर या शिष्याने आपल्या गुरूचे संगमरवरी स्मारक इंग्लंडहून घडवून आणले. गुरूचा धर्म वेगळा होता, ही गोष्ट कृतज्ञतेच्या आड आली नाही.

१७९८ साली ते गादीवर बसले. दुसऱ्याच वर्षीच्या तहाने राज्यकारभार इंग्रज कंपनीच्या हाती गेला. सत्ता गेली म्हणून ते हातपाय गाळून बसले नाहीत. विद्या मात्र कोणी काढून घेऊ शकत नव्हते. त्यांनी सरस्वती महाल ग्रंथालय देशोदेशीच्या ग्रंथांनी समृद्ध केले आणि देवनागरी छापखाना सुरू केला. इसापाच्या गोष्टींचे मराठी भाषांतर १८०६ साली तेथे छापले गेले.

त्यांनी उभारलेल्या धन्वंतरी महालात आयुर्वेद, युनानी, सिद्ध आणि पाश्चात्त्य अशा चारही पद्धतींचे जाणकार एकत्र काम करीत. वैद्य, हकीम आणि डॉक्टर एका छताखाली बसले. उपाय कोणाचा, यापेक्षा गुण येतो की नाही याला तेथे महत्त्व होते.

राजांना डोळ्यांच्या रोगांविषयी विशेष आस्था होती. नेत्ररुग्णांच्या नोंदी व डोळ्यांची रंगीत चित्रे सरस्वती महालात आजही जपून ठेवलेली आहेत. मोतीबिंदूवरील शस्त्रक्रियांतही राजांचा सहभाग होता, असे या कागदांचा अभ्यास करणारे नेत्रतज्ज्ञ मानतात. चित्र आणि नोंद यांच्यामुळे कालचा डोळा आणि आजचा डोळा ताडून पाहता येतो. यंत्र नसताना हेच मोठे साधन होते.

परंतु या पाहणीलाही मर्यादा होती. वाढलेला मोतीबिंदू बाहेरून दिसतो. बाहुलीच्या आत मात्र काळोखच दिसतो. कारण आत गेलेला प्रकाश आल्या वाटेनेच परततो, आणि तो पाहण्यासाठी डोके पुढे केले की प्रकाशच अडतो. प्रकाश बाहेरून डोळ्यात येतो म्हणून आपल्याला दिसते, हे बसऱ्याच्या इब्न अल्‌ हैसम यांनी अकराव्या शतकातच मांडले होते. त्या प्रकाशाची परतीची वाट पकडण्याची युक्ती जर्मनीच्या हेल्महोल्ट्झ यांना १८५० साली साधली. तिरप्या काचेवरून त्यांनी दिव्याचा उजेड डोळ्यात सोडला आणि त्याच काचेतून आत पाहिले. जिवंत माणसाच्या डोळ्याचा पडदा दिसू लागला. १८६२ साली हॉलंडच्या स्नेलेन यांनी अक्षरांचा तक्ता दिला, तर १९११ साली स्वीडनच्या गुल्स्ट्रांड यांनी प्रकाशाच्या बारीक चिरेने डोळा तपासणारा दिवा दिला.

सरफोजीराजे १८३२ सालीच कालवश झाले होते. ही साधने त्यांच्या वाट्याला आली नाहीत. जे हाती होते त्याने नीट पाहावे, पाहिलेले लिहून ठेवावे आणि ज्ञान कोणाचेही असो, ते घ्यावे, हाच त्यांच्या जीवनाचा धडा होय.

पालकांनी यातून एक गोष्ट जरूर घ्यावी. मूल फळ्यावरचे चुकीचे उतरवीत असेल, पुस्तक नाकाशी धरत असेल, तर त्याला ‘ढ’ ठरविण्यापूर्वी त्याचे डोळे तपासून घ्यावेत. मुलीला चष्मा लागला तर लग्नाच्या काळजीने तो लपवू नये. काचबिंदू आणि मधुमेहाने होणारा पडद्याचा विकार सुरुवातीला कळतही नाही. म्हणून घरातील वडीलधाऱ्यांनीही वेळोवेळी तपासणी करावी. ज्या तपासणीसाठी एक राजा साधनांविना धडपडला, ती आज सामान्य माणसाला मिळू शकते. विद्यार्थी मित्रांनो, इल्मचा उजेड डोळ्यांवाटेच पुस्तकातून मनात जातो. ती वाट निर्मळ ठेवा.