सॅम्युएल टेलर कोलरिज

सॅम्युएल टेलर कोलरिज (२१ ऑक्टोबर, १७७२ - २५ जुलै, १८३४) हे इंग्रजी कवी, समीक्षक व तत्त्वचिंतक होते. इंग्लंडमधील स्वच्छंदतावादी काव्याच्या प्रवर्तकांत त्यांची गणना होते. अफूच्या व्यसनाचा भावजीवनावर व नातेसंबंधांवर होणारा परिणाम समजून घेण्यासाठीही त्यांचे चरित्र महत्त्वाचे आहे.

जीवन

कोलरिज यांचा जन्म डेव्हन परगण्यातील ऑटरी सेंट मेरी येथे झाला. १७८१ मध्ये वडिलांचे निधन झाल्यावर त्यांना लंडनच्या क्राइस्ट्स हॉस्पिटल या निवासी शाळेत पाठविण्यात आले. १७९५ मध्ये त्यांचा विवाह सारा फ्रिकर यांच्याशी झाला. १७९८ मध्ये विल्यम वर्ड्‌स्वर्थ यांच्यासह त्यांनी 'लिरिकल बॅलड्स' हा काव्यसंग्रह प्रसिद्ध केला.

अफूचे व्यसन

त्या काळी लॉडेनम, म्हणजे मद्यार्कात मुरवलेली अफू, औषधविक्रेत्यांकडे सहज मिळे. कोलरिज ते प्रथम शारीरिक वेदनांवर घेत. १८०१ च्या सुमारास मात्र ते त्याच्या पूर्ण आहारी गेले. औषधाने मनाचा ताण काही काळ हलका होई. मात्रा चुकली की अस्वस्थता व भयस्वप्ने छळत. ही अवस्था त्यांनी 'द पेन्स ऑफ स्लीप' या कवितेत मांडली आहे. लज्जेपोटी ते व्यसन लपवीत व आप्तांना टाळीत. पत्नीपासून ते विभक्त झाले. मुलांचा सांभाळ मुख्यतः केसविक येथे कवी रॉबर्ट साउदी यांच्या घरी झाला. १८१० मध्ये वर्ड्‌स्वर्थ यांनी आपल्या सवयींविषयी काढलेले उद्गार कानी आल्याने ते अतिशय दुखावले. १८१२ मध्ये समेट झाला, तरी पूर्वीचा जिव्हाळा परतला नाही.

वैद्यकीय दृष्टिकोन

समकालीनांनी या व्यसनाला इच्छाशक्तीचा दुबळेपणा मानले. आधुनिक संशोधनानुसार शरीरात अफूसदृश द्रव्ये नैसर्गिकरीत्या तयार होतात. वेदनाशमनाबरोबरच विरहाचे दुःख व सहवासाचे समाधान यांच्याशीही त्यांचा संबंध असतो. बाहेरून घेतलेली अफू याच यंत्रणेवर कार्य करते. सवय जडल्यावर शरीर तिच्याशी जुळवून घेते, त्यामुळे ती न मिळाल्यास ताण अधिकच तीव्र होतो.

उत्तरायुष्य

१८१६ मध्ये हायगेट येथील डॉक्टर जेम्स गिलमन यांनी त्यांना आपल्या घरी आश्रय दिला. व्यसन पूर्ण सुटले नाही, परंतु देखरेखीमुळे मात्रा आटोक्यात आली. तेथे त्यांनी १८ वर्षे काढली. १८१७ मध्ये 'बायोग्राफिया लिटररिया' हा समीक्षाग्रंथ प्रकाशित झाला. अफूमुळे त्यांची प्रतिभा फुलली, असा समज रूढ आहे. तथापि त्यांच्या बहुतेक श्रेष्ठ कविता व्यसन बळावण्यापूर्वीच्या आहेत.