शाहू छत्रपती आणि धर्माची सत्ता

समाजशास्त्राच्या क्रमिक पुस्तकात ‘सामाजिक नियंत्रण’ नावाचे एक प्रकरण असते. रूढी, लोकमत, कायदा, शिक्षण आणि धर्म अशी नियंत्रणाची साधने त्यात ओळीने मांडलेली असतात. प्रत्येकावर चार ओळी लिहिल्या की परीक्षेपुरते काम भागते. परंतु धर्म समाजाला ताब्यात ठेवतो म्हणजे नेमके काय करतो, आणि कोणाच्या हातून करतो, हे त्या चार ओळींतून मला कधी उमगले नाही. ते थोडेफार उमगले राजर्षी शाहू छत्रपतींचे चरित्र वाचताना. आम्हा कुपवाडकरांना कोल्हापूर काही परके नाही. शेजारच्या मिरजेहून कोल्हापूरला जाणारी आगगाडी १८९१ साली सुरू झाली, तीही त्याच संस्थानाची. म्हणून घरच्या माणसाविषयी लिहावे तसे या राजाविषयी लिहीत आहे.

कागलच्या घाटगे घराण्यात २६ जून १८७४ रोजी जन्मलेले यशवंतराव १८८४ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि शाहू झाले. २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्याची सूत्रे हाती घेतली. त्या वेळी राज्यकारभाराच्या ७१ मोठ्या जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण अधिकारी होते आणि खाजगीकडच्या ५२ पैकी ४५ जागांवरही तेच होते. या आकड्यांचा धर्माशी काय संबंध, असे कोणी विचारील. तरुण महाराजांनाही तो संबंध लगेच दिसला असेल असे मला वाटत नाही. तो दिसला पाच वर्षांनी, पंचगंगेच्या घाटावर.

१८९९ चा कार्तिक महिना. महाराज पहाटे नदीवर स्नानाला जात. त्यांच्याबरोबर एकदा राजारामशास्त्री भागवत होते. हे स्वतः ब्राह्मण आणि मोठे संस्कृत पंडित. राजाच्या स्नानासाठी पुरोहित जे मंत्र म्हणत आहे ते वेदातले नसून पुराणातले आहेत, हे शास्त्रीबुवांनी ओळखले आणि महाराजांच्या नजरेस आणून दिले. पुरोहिताला विचारले तेव्हा त्याने निर्भयपणे सांगितले, की शूद्राला पुराणोक्तच सांगायचे असते. इतकेच नव्हे, तर त्याने स्वतः स्नानही केलेले नव्हते, कारण पुराणोक्तासाठी त्याची गरज त्याला वाटत नव्हती.

हा प्रसंग मी अनेकदा वाचला, आणि दर वेळी मन अडते ते एकाच ठिकाणी. तो पुरोहित दरबारच्या अन्नावर जगणारा नोकर. समोर उभा असलेला त्याचा धनी, छत्रपतींच्या गादीचा मालक. तरीही ‘तू कोण आहेस’ हे ठरविण्याचा अधिकार धन्याकडे नव्हता, नोकराकडे होता. फौज, खजिना, तुरुंग सारे राजाकडे, आणि दर्जा मात्र भटजीकडे! समाजावर नियंत्रण म्हणतात ते हेच असावे. त्याला शिपाई लागत नाही. रोजच्या स्नानात, मुंजीत, लग्नात, श्राद्धात ते मुकाट्याने चालू असते, आणि ज्याच्यावर चालते तोच त्याची दक्षिणा देतो.

हा वाद नवा नव्हता. खुद्द शिवाजी महाराजांना १६७४ मध्ये राज्याभिषेकासाठी काशीहून गागाभट्टांना आणावे लागले होते. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांच्या काळी, १८३० च्या सुमारास, हाच प्रश्न पुन्हा उठला, आणि त्यात विरोधी पक्षाच्या पुढाऱ्यांत आमच्या सांगलीचे चिंतामणराव पटवर्धन होते. आपल्या गावाचे नाव इतिहासात सापडले की आनंद होतो. येथे तो जरा जपूनच घ्यावा लागतो.

शाहू महाराजांनी प्रथम समजावणीचा मार्ग धरला. राजवाड्यातले विधी वेदोक्त पद्धतीने व्हावेत अशी आज्ञा राजोपाध्यांना दिली. त्यांनी ती मानली नाही. ज्या ब्राह्मणाने असे विधी करण्याची तयारी दाखविली त्याला स्वजातीयांचा रोष सोसावा लागला. म्हणजे हे नियंत्रण ब्राह्मणेतरांवरच होते असे नाही, चाकोरी सोडू पाहणाऱ्या ब्राह्मणालाही ते तितकेच जाचत होते. १९०१ मध्ये लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून या प्रकरणी लिहिले ते महाराजांच्या विरुद्ध बाजूने. टिळकांविषयी मला आदर आहे, पण या एका बाबतीत त्यांच्या थोरपणाला उणेपणा आला असे नम्रपणे म्हणावेसे वाटते.

अखेर १९०२ मध्ये महाराजांनी राजोपाध्यांचे वतन जप्त केले. राजोपाध्ये इंग्रज सरकारकडे अगदी वरपर्यंत दाद मागत गेले, पण यश आले नाही. पुढे शंकराचार्यांच्या करवीर मठाच्या गादीचा वाद निघाला आणि मठाचे उत्पन्नही दरबारने आपल्या ताब्यात घेतले. मग १९०५ मध्ये त्या मठाने महाराजांचा वेदोक्ताचा अधिकार मान्य केला. सहा वर्षे जे शास्त्राला मंजूर नव्हते ते इनाम थांबताच मंजूर झाले. वेदातले एक अक्षरही या काळात बदलले नव्हते. मंत्राच्या मुळाशी जमीन होती हे यावरून कळते, आणि माझ्या मते साऱ्या प्रकरणातला खरा धडा हाच.

महाराजांनी तो बरोबर घेतला. २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी सरकारी नोकऱ्यांतील निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्याचा हुकूम काढला. वेदोक्ताचा वाद ऐन भरात असतानाचाच हा हुकूम आहे, हे आपण विसरतो. मराठा, जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य अशा एकेका समाजासाठी वसतिगृहे उभी राहिली. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे झाले. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वांच्या शाळेत बसविण्याचा हुकूम झाला. त्याच वर्षी दवाखान्यांसाठीही असाच हुकूम निघाला. रोगी कोणत्याही जातीचा असो, त्याला सन्मानाने वागवावे, हे सांगताना महाराजांनी दाखला दिला तो मिरजेच्या अमेरिकन मिशन दवाखान्याचा. डॉक्टर वानलेस यांचा हा दवाखाना आमच्या पंचक्रोशीतला. परक्या धर्माची माणसे आमच्या रोग्याला शिवतात आणि आम्ही शिवत नाही, हे राजाने आपल्या नोकरांना सरकारी कागदावर सुनावले.

इथवर सारे सरळ आहे. पुढचा भाग मला सोपा वाटत नाही.

शाहू महाराजांनी धर्म टाकून दिला नाही. १९११ मध्ये कोल्हापुरात सत्यशोधक समाज नव्याने उभा राहिला, त्याला त्यांनी पाठबळ दिले. पण स्वतःचा ओढा ठेवला आर्यसमाजाकडे आणि राजाराम कॉलेजही १९१९ मध्ये त्या समाजाच्या हाती सोपविले. १९२० मध्ये तर त्यांनी पाटगावच्या मौनी महाराजांच्या मठात मराठ्यांसाठी निराळा धर्मगुरू नेमला. बेनाडीचे सदाशिवराव पाटील क्षात्रजगद्गुरू झाले. ‘दीनमित्र’कार मुकुंदराव पाटलांसारख्या कडव्या सत्यशोधकाने यावर टीका केली. देव आणि माणूस यांच्यामध्ये दलाल नको, ही जोतीरावांची शिकवण. मग एक जगद्गुरू काढून दुसरा बसविण्यात काय साधले? नियंत्रण राहिलेच, फक्त हात बदलले, असे कोणी म्हटले तर त्याला उत्तर देणे कठीण आहे.

महाराजांच्या बाजूने मला एवढेच म्हणता येते, की ते राजे होते, लेखक नव्हते. खेड्यातला कुणबी उद्यापासून पूजेशिवाय, विधीशिवाय राहील असे त्यांना वाटत नव्हते, आणि ते खोटेही ठरले नाही. तो विधी करणारच असेल तर निदान स्वतःला हीन म्हणवून घेत करू नये, हा त्यांचा हिशेब असावा. तरीदेखील क्षात्रजगद्गुरूंच्या पीठापेक्षा गंगाराम कांबळे यांचे चहाचे दुकान मला कितीतरी मोठे वाटते. गंगाराम हे दरबारच्या पागेतले अस्पृश्य नोकर. पाण्याला शिवल्याबद्दल त्यांना मारहाण झाली. महाराजांनी त्यांना कोल्हापुरात भरवस्तीत हॉटेल काढून दिले. गिऱ्हाईक येईना, तेव्हा राजाची गाडी त्या दुकानापुढे थांबू लागली. महाराज चहा मागवीत, स्वतः पीत आणि बरोबरच्या उच्चवर्णीय मंडळींनाही पाजीत. तेथे मंत्र नव्हता, मठ नव्हता, एक कप होता फक्त. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत महाराज तरुण आंबेडकरांच्या शेजारी उभे राहिले, ते या चहाच्या दुकानावरून पुढे गेलेल्या रस्त्यानेच.

त्याच १९२० सालचा आणखी एक कायदा आमच्या भागाच्या फार जवळचा आहे. मुलीच्या केसात जट झाली, घरात आजार आला, नवस बोलला, की पोर यल्लम्माला सोडायची. देवाशी लग्न लागले, की तिला माणसाशी लग्न नाही आणि बापाच्या घरी वाटा नाही. धर्माने माणसावर चालविलेली एवढी पक्की पकड मला दुसरी माहीत नाही, कारण येथे बापच भक्तिभावाने ती आवळतो. महाराजांनी आपल्या राज्यात जोगतिणी सोडण्याच्या प्रथेला कायद्याने बंदी घातली. त्यानंतर दोन वर्षांनी, ६ मे १९२२ रोजी, मुंबईत त्यांचे निधन झाले. वय अवघे सत्तेचाळीस.

मुंबई सरकारला असा कायदा करायला १९३४ साल उजाडले. महाराष्ट्र राज्याला नवा कायदा पुन्हा २००५ साली करावा लागला. दोन कायद्यांमध्ये एकाहत्तर वर्षे गेली, आणि त्या सगळ्या वर्षांत पौर्णिमेला सांगली-मिरजेकडून सौंदत्तीच्या डोंगराकडे जाणाऱ्या गाड्या भरूनच जात होत्या.