डाळीतलं बळ शोधणाऱ्या कमलाताई

मैत्रिणींनो, दुर्गाबाई भागवतांचं नाव आपल्याला ठाऊक असतं. त्यांची धाकटी बहीण, डॉ. कमला सोहोनी, मात्र पुष्कळजणींना माहीत नसते. खरं तर आपल्या रोजच्या वरणाशी तिचं जवळचं नातं आहे.

१९३३ साली मुंबईची बी.एस्सी. होऊन कमलाताई बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या. नोबेलविजेते सर सी. व्ही. रामन तिथे संचालक होते. मुलगी म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला. कमलाताई हटल्या नाहीत. अखेर वर्षभर काम पाहून ठरवू, या अटीवर त्यांना घेतलं. त्यांचं काम पाहून रामन यांचं मत बदललं आणि पुढे मुलींसाठी दार उघडलं. १९३९ मध्ये कमलाताई केंब्रिजच्या पीएच.डी. झाल्या.

दूध आणि कडधान्यांतली प्रथिनं हा त्यांचा अभ्यास. प्रथिन म्हणजे अमायनो आम्लांच्या मण्यांची माळ. आपण खाल्लेल्या डाळीची माळ पोटात सुटते आणि त्याच मण्यांतून शरीरातल्या बहुतेक पेशी स्वतःला हवी ती नवी माळ ओवतात. जुन्या माळा रोज मोडतात. त्यांतले बरेच मणी पुन्हा वापरले जातात, पण काही वाया जातातच. रक्तातली तांबडी पेशी तर साधारण १२० दिवसच टिकते. चरबीसारखा प्रथिनांचा साठा शरीर करत नाही, म्हणून हे मणी रोज पोटात जायला हवेत. भातात जे मणी कमी, ते डाळीत भरपूर, आणि डाळीत कमी ते भातात. आपला वरणभात उगाच नाही जमलेला!

मुंबईच्या विज्ञान संस्थेत शिकवताना कमलाताईंनी विद्यार्थ्यांसह कच्च्या कडधान्यांतले प्रथिनांचं पचन अडवणारे घटक अभ्यासले. नीट शिजवलं की त्यांचा जोर बराच कमी होतो. नीरेवरही त्यांनी काम केलं. आदिवासी मुलं आणि गरोदर बायकांच्या पोषणाला ती उपयोगी ठरते, हे दाखवल्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. १९९८ साली त्या गेल्या.

आमच्या चामटोली भागात भातकापणीनंतर शेतात वाल पेरतात. डाळ-कडधान्य घरात असतं, पण सगळ्यांची पानं वाढून झाली की बाईच्या वाट्याला तळाचं पाणी येतं. तिच्याही पेशींना रोज मणी लागतात. तेव्हा आज घट्ट वरणाची एक वाटी स्वतःसाठी आधी काढून ठेवा.