बाबासाहेबांच्या सवयी

एप्रिल महिना आला की गावोगावी अठरा तास अभ्यासाचे कार्यक्रम होतात. सकाळी पोरं-पोरी पुस्तक घेऊन बसतात ते रात्रीच उठतात. उपक्रम चांगला आहे, आमचा त्याला विरोध नाही. पण दुसऱ्या दिवशी तेच पुस्तक कपाटात जातं आणि पुढच्या एप्रिललाच बाहेर येतं, हेही पुष्कळ ठिकाणी घडतं. परमपूज्य बाबासाहेब अठरा अठरा तास अभ्यास करीत, हे आपल्या सर्वांना पाठ आहे. ती सवय त्यांना लावली कुणी, टिकली कशी आणि तिची किंमत कुणी मोजली, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. या स्मरणिकेच्या निमित्ताने तेवढंच मांडावं, असं आम्ही ठरवलं आहे.

बाबासाहेबांचा जन्म 14 एप्रिल 1891 चा, महूच्या लष्करी छावणीतला. वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिक्षक होते. कबीरपंथी माणूस, दारूला शिवत नसत. घरात भजन-पाठ रोज व्हायचाच आणि लेकरांनी त्याला बसायचं म्हणजे बसायचंच. पुढे हे कुटुंब मुंबईला परळच्या डबक चाळीत आलं. एकच खोली. तिच्यातच चूल, सरपण, जातं आणि माणसं. अशा खोलीत हायस्कूलचा अभ्यास करायचा कधी आणि झोपायचं कुठं?

रामजीबाबांनी त्यावर तोड काढली. भिवाने संध्याकाळी लवकर झोपायचं, बापाने रात्री दोनपर्यंत जागायचं. दोन वाजले की पोराला उठवायचं आणि आपण आडवं व्हायचं. मग घासलेटच्या दिव्यापाशी उजाडेपर्यंत अभ्यास. आम्ही सूतगिरणीत पाळीवर काम करणारी माणसं, आम्हाला हे लगेच कळतं. एक पाळी सुटते, दुसरी लागते आणि चात्या फिरत्या राहतात. त्या खोलीत बाप पहिल्या पाळीला होता आणि लेक दुसऱ्या. एवढंच नव्हे, पोराने पुस्तक मागितलं आणि हातात पैसा नसला की रामजीबाबा लग्न झालेल्या मुलीकडे जात, तिच्याकडून पैसे नाहीतर दागिना घेत, दागिना गहाण ठेवून पुस्तक आणत आणि पेन्शन आली की सोडवून देत. सवय ही एकट्याच्या निश्चयाची गोष्ट आहे असं जे सांगतात, त्यांनी हा बाप लक्षात घ्यावा. पोर पहाटे उठत नाही म्हणून ओरडणारे पालक पुष्कळ आहेत. त्याच्यासाठी स्वतः दोनपर्यंत जागणारे किती?

1907 साली भिवा मॅट्रिक झाला. चर्नी रोडच्या बागेत बसून वाचणारा हा मुलगा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींच्या आधीच नजरेत भरला होता. मॅट्रिकच्या सत्कारात त्यांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याच्या हातात ठेवलं. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची मदत मिळाली ती त्यांच्याच खटपटीने. 1913 च्या फेब्रुवारीत रामजीबाबा गेले आणि त्याच वर्षी बाबासाहेब शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोचले.

इथे एक गोष्ट सांगायलाच पाहिजे. अमेरिकेतले पहिले काही महिने त्यांचं मन अभ्यासात लागलं नव्हतं, मोकळं वारं लागलं होतं, असं चरित्रकार नोंदवतात. आमच्या काही कार्यकर्त्यांना हे लिहिलेलं आवडत नाही. आम्हाला मात्र यात कमीपणा वाटत नाही. उठवायला बाप उरला नव्हता, आता स्वतःच स्वतःला उठवायचं होतं. आपण इथे कुणाच्या जिवावर आलो याचा विचार त्यांनी केला आणि गाडी रुळावर आली. नाटक-सिनेमा नाही, हॉटेलात उधळपट्टी नाही. जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून जवळजवळ दोन हजार पुस्तकं जमवली. 1917 साली ते परत निघाले तेव्हा महायुद्ध चालू होतं. त्यांचं सामान आणि पुस्तकं घेऊन निघालेलं जहाज बुडालं. दुसरा असता तर पुस्तकाचं नाव टाकलं असतं. यांनी पुन्हा पहिल्यापासून जमवायला सुरुवात केली. दादरला राजगृह बांधलं ते राहण्यासाठी जितकं, तितकंच पुस्तकांसाठी.

मधल्या काळात सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून, पगारातून पै-पै मागे टाकून, शाहू महाराज आणि मित्र नवल भथेना यांच्या मदतीने ते 1920 मध्ये पुन्हा लंडनला गेले. तिथला दिनक्रम ठरलेला. सकाळी पावाचा तुकडा खाऊन बाहेर पडायचं, ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दार उघडताच जाऊन बसायचं, बंद होताना उठायचं, रात्री खोलीवर पुन्हा वाचायचं. भूक लागली तर कपभर दूध आणि देशातून नेलेला पापड भाजून. 1921 ला एम.एस्सी., 1923 ला रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला डी.एस्सी. आणि शिवाय बॅरिस्टरी.

त्या वेळी माता रमाई परळच्या चाळीत होत्या. गोवऱ्या थापून, अर्धपोटी राहून त्यांनी घर रेटलं. पाच लेकरांपैकी चार गेली, एक यशवंतराव वाचले. 27 मे 1935 रोजी रमाईही गेल्या. बाबासाहेबांच्या अभ्यासाचे तास मोजताना रमाईचे तास कुणी मोजत नाही. ते मोजले पाहिजेत, असं आमचं स्पष्ट मत आहे.

स्वतःला जे मिळालं ते दुसऱ्याला कसं मिळेल, याचा विचार त्यांनी परत आल्याबरोबर सुरू केला. 1924 साली बहिष्कृत हितकारिणी सभा काढली. तिची सुरुवातीची कामं कोणती? सोलापूरला मुलांचं वसतिगृह, मुंबईत मोफत वाचनालय आणि चक्क एक हॉकी क्लब. हॉकी कशाला, असं वाटेल. संध्याकाळी रिकामं पोरगं जुगाराच्या अड्ड्यावर जाऊ नये म्हणून. वाईट सवय सोड असं नुसतं सांगून सुटत नाही. तिच्या वेळेला दुसरं काहीतरी हातात द्यावं लागतं.

आपला तळोदा तालुका तेव्हा पश्चिम खानदेशात होता. नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तो 1998 साली. त्या जिल्ह्याच्या गावी, धुळ्याला, बाबासाहेब 1937 च्या जुलैअखेर आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात उतरले. दर 31 जुलैला खानदेशातून माणसं तिथे जमतात. जाणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं, ते आले होते कोर्टाच्या कामासाठी. त्याच वर्षी त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष निवडून येऊन कायदेमंडळात बसला होता, तरी वकिली सुटली नव्हती. पुढारी झालो, आता कामधंद्याची गरज नाही, ही सवय त्यांनी लावून घेतली नाही.

1942 ते 1946 ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. कारखान्यातल्या कामाचे आठवड्याचे तास 54 वरून 48 वर आणण्याचं विधेयक त्यांनीच मांडलं आणि 1946 मध्ये त्याचा कायदा झाला. आठवड्याला सहा तास! आम्ही कामगार याकडे नुसती विश्रांती म्हणून पाहात नाही. दहा-दहा तास उभं राहून आलेला माणूस पुस्तक उघडणार कधी? ज्याला स्वतःला रात्री दोनचा दिवा लावावा लागला, त्याने दुसऱ्याच्या पदरात संध्याकाळ टाकली. त्याच वर्षी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज निघालं.

त्यांचं सगळंच उचलावं असं नाही. जेवणाला वेळ नाही, झोपेला वेळ नाही, व्यायाम नाही, याचा हिशेब शरीराने मागितलाच. मधुमेह जडला, पाय दुखू लागले, नजर मंदावली. 1947 च्या ऑगस्टमध्ये मसुदा समितीचं अध्यक्षपद आलं तेव्हाही प्रकृती साथ देत नव्हती, आणि समितीतले बरेच सभासद या ना त्या कारणाने दूर असल्यामुळे मसुद्याचा भार मुख्यतः त्यांच्यावर पडला. विद्यार्थ्यांनी त्यांचं वाचन घ्यावं, जागरण घेऊ नये. वेळेवर जेवावं.

म्हातारपणी ते नवीन शिकायला लाजले नाहीत. व्हायोलिन शिकले, चित्रकलेचे धडे घेतले, पाली भाषेचा अभ्यास चालूच होता. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात धम्मदीक्षा झाली. त्यानंतर दोन महिनेही मिळाले नाहीत. 5 डिसेंबरच्या रात्री दिल्लीच्या 26, अलीपूर रोडच्या बंगल्यात त्यांनी सेवक-लेखनिक नानकचंद रत्तू यांच्याकडून 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे टाइप केलेले कागद मागवून घेतले, झोपण्यापूर्वी त्यांवर हात फिरवायचा होता. सकाळी पत्नी उठवायला गेल्या, तेव्हा ते गेलेले होते. ग्रंथ 1957 साली प्रसिद्ध झाला.