अर्धी फी, अर्धे श्रम

शिक्षणाचा खर्च कोणी सोसावयाचा, हा प्रश्न दर वर्षी जून उजाडला की आपल्यापुढे उभा राहतो. पालक फीवाढीविरुद्ध तक्रार करतात, संस्थाचालक तुटीचा हिशेब पुढे करतात आणि शासन नियमांकडे बोट दाखविते. अशा वेळी अमेरिकेतील एका अल्पशिक्षित माणसाचे चरित्र आठवते. ड्वाइट मूडी हे त्यांचे नाव.

मॅसॅच्युसेट्स राज्यातील नॉर्थफील्ड या खेड्यात १८३७ साली त्यांचा जन्म झाला. वडील गवंडीकाम करीत. मूडी चार वर्षांचे असतानाच ते वारले आणि सावकारांनी घरातील सरपणसुद्धा उचलून नेले. पतीच्या मृत्यूनंतर जन्मलेल्या जुळ्यांसह नऊ मुलांचा भार आईवर पडला. साहजिकच मूडींचे शालेय शिक्षण अर्धवट राहिले. सतराव्या वर्षी ते बॉस्टनला मामांच्या जोड्यांच्या दुकानात नोकरीस लागले. पुढे १८५६ साली शिकागोस जाऊन त्यांनी त्याच धंद्यात जम बसविला. एक लक्ष डॉलर जमविण्याची त्यांची आकांक्षा होती. परंतु गरीब वस्तीतील मुलांसाठी चालविलेल्या रविवारच्या शाळेत त्यांचे मन असे गुंतले की, चालता धंदा सोडून ते धर्मोपदेशक झाले. १८७३ ते १८७५ या काळातील ब्रिटनच्या दौऱ्याने त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले.

मूडी केवळ प्रवचनकार राहिले असते, तर अर्थशास्त्राच्या अध्यापकाने त्यांची दखल घेण्याचे कारण नव्हते. पण १८७९ साली त्यांनी नॉर्थफील्डला मुलींसाठी आणि १८८१ साली कनेक्टिकट नदीपलीकडे माउंट हर्मन येथे मुलग्यांसाठी शाळा काढली. ख्रिस्ती संस्कारांबरोबर महाविद्यालयीन प्रवेशाची तयारी करून घेणाऱ्या या खाजगी शाळा होत्या. अशा शाळा तोवर बहुधा सधनांच्या मुलांसाठीच असत. अंथरुणाला खिळलेल्या पित्याच्या घरी गवती टोप्या विणून पोट भरणाऱ्या मुली पाहून मूडींना या शाळेची कल्पना सुचली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

त्यांचा हिशेब साधा होता. वार्षिक फी सुमारे १०० डॉलर, म्हणजे प्रत्यक्ष खर्चाच्या निम्मी. उरलेली तूट देणग्यांतून आणि मूडी व त्यांचे गायक सहकारी आयरा सँकी यांच्या भजनसंग्रहांच्या मानधनातून भरून निघे. या मानधनातील एक पैही दोघांनी स्वतःसाठी ठेवली नाही. शिवाय प्रत्येक विद्यार्थ्याला रोज काही वेळ काम करावे लागे. मुली स्वयंपाक आणि झाडलोट करीत, तर मुलगे शेतावर राबत. ही वाटणी आज खटकेल, हे खरे. तथापि श्रमातून कोणालाच सूट नसल्यामुळे गरिबाला आपण उपकाराचे अन्न खात आहो, असे वाटण्याचे कारण उरले नाही.

या शाळेचा एक धागा आपल्याकडेही पोहोचतो. १८८६ साली माउंट हर्मनला भरलेल्या विद्यार्थी शिबिरातून परदेशी जाणाऱ्या मिशनरी स्वयंसेवकांची मोठी चळवळ उभी राहिली. तिचे एक अध्वर्यू रॉबर्ट वाइल्डर यांचा जन्म कोल्हापूरचा. त्यांचे वडील तेथे मिशनरी होते.

मूडी १८९९ साली निवर्तले. दोन्ही शाळा १९७१ साली एक झाल्या आणि २००५ साली नॉर्थफील्डचे आवार बंद करून सारा व्याप माउंट हर्मनला नेण्यात आला. आज ती शाळा अमेरिकेतील महागड्या निवासी शाळांत मोडते. गरजूंना ती साहाय्य देते आणि विद्यार्थ्यांच्या श्रमाची प्रथाही तिने सोडलेली नाही. परंतु सर्वांसाठी निम्मी फी हे सूत्र मात्र राहिले नाही. केवळ दात्यांच्या औदार्यावर उभी असलेली स्वस्ताई फार काळ टिकत नाही, हा धडा त्यातून घ्यावा लागेल.

तरीही मूडींचा मूळ विचार शिळा झालेला नाही. आपण आधी फी ठरवितो आणि मग गरिबासाठी सवलत शोधतो. त्यांनी गरिबाला काय झेपेल ते आधी पाहिले आणि मग तुटीची तरतूद केली. पहिल्या रीतीत गरीब विद्यार्थी हा अपवाद ठरतो, दुसरीत तोच शाळेचा धनी असतो. शिक्षणसंस्थांच्या अंदाजपत्रकाची सुरुवात कोणत्या टोकाकडून व्हावयाची, याचा निर्णय समाजाने केव्हा तरी घेतलाच पाहिजे.