दाजीपूरच्या रानाचे धनी

मावळात, लोणावळ्याच्या आसपासच्या डोंगरकपारींत, जुन्या देवराया आढळतात. त्यांचा धनी देव. त्याच्या धाकाने पिढ्यान्‌पिढ्या तेथे सहसा कोणी कुऱ्हाड चालविली नाही. याच सह्याद्रीच्या माथ्याने दक्षिणेस गेले, म्हणजे कोल्हापूरच्या पश्चिमेस दाजीपूरचे घनदाट रान लागते. या रानाचे धनी मात्र करवीरचे राजे होते. आणि त्या राजांत ज्यांचे नाव आजही घरोघर घेतले जाते, ते राजर्षी शाहू महाराज.

महाराजांचा जन्म 26 जून 1874 रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. त्यांचे मूळ नाव यशवंतराव. 1884 साली ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले, आणि राजकोट व धारवाड येथील शिक्षण संपवून 1894 साली त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. देह भव्य, अंगी ताकद अफाट. कुस्ती, घोडदौड आणि शिकार यांची त्यांना मनापासून आवड होती.

दाजीपूरचे रान हे संस्थानाचे राखीव शिकारीचे रान होते. पावसाळ्यात येथे सूर्याचे दर्शन दुर्लभ होई. जांभूळ, अंजनी, हिरडा यांच्या दाटीखाली भरदिवसा अंधार पडे, आणि मध्येच जांभ्या दगडाचे उघडे सडे लागत. गवे कळपाने चरत. सांबर, भेकर, अस्वल, बिबट्या आणि रानकुत्रे यांचा तेथे संचार असे. उंच फांद्यांवरून शेकरू झेपा घेई. उगवाई देवीची राई याच अरण्यात आहे. राजाच्या रानातही देवीने आपला वाटा राखला होता असे म्हणावयास हरकत नाही!

हे रान राखले गेले ते केवळ भूतदयेने नव्हे, हे सांगितलेच पाहिजे. राजांना शिकार हवी, म्हणून इतरांना मज्जाव. पण त्या मज्जावामुळेच मोठमोठे वृक्ष उभे राहिले आणि गव्यांचे कळप टिकले. शिवाय रान जाणणाऱ्या माणसांची महाराजांना पारख होती. फासेपारधी हे जन्मजात शिकारी. पण त्यांच्यावर गुन्हेगार जमात असा शिक्का बसला होता आणि त्यांना रोज चावडीवर हजेरी द्यावी लागे. महाराजांनी 1918 साली ही हजेरी बंद केली. ज्यांना लोक चोर म्हणत, त्यांनाच त्यांनी पहारेकरी नेमले.

राज्यारोहणानंतर दोनच वर्षांनी, 1896 साली, भीषण दुष्काळ पडला. दाजीपूरच्या डोंगरांवर पाऊस धो धो कोसळत असता पूर्वेकडील शेते मात्र करपून जात. महाराजांनी स्वस्त धान्याची दुकाने उघडली, गुरांसाठी छावण्या घातल्या. परंतु एवढ्याने त्यांचे समाधान झाले नाही. याच रानाच्या पायथ्याशी भोगावती नदी अडविण्याचे त्यांनी ठरविले. 1908 साली तेथे नवे गाव वसवून त्यास आपल्या कन्येवरून राधानगरी हे नाव दिले आणि पुढच्याच वर्षी धरणाचे काम सुरू केले. त्याच सुमारास, 1911 साली, लोणावळ्यास टाटांच्या जलविद्युत्‌ योजनेचा पाया घातला गेला. तेथील पाणी कोकणात उतरून मुंबईला वीज पुरविणार होते. महाराजांना मात्र पाणी हवे होते ते शेतकऱ्याच्या उसाला नि भाताला. त्यासाठी आपल्या आवडत्या रानाच्या कुशीतील दरी पाण्याखाली जाणार, हे त्यांनी जाणूनबुजून पत्करले.

पैशाच्या टंचाईने काम रखडले. 6 मे 1922 रोजी मुंबई येथे महाराजांचे निधन झाले, तेव्हा धरण अपुरेच होते. ते पुढे पूर्ण झाले.

1949 साली कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि राजाचे रान सरकारचे झाले. 1958 साली दाजीपूर हे गव्यांचे अभयारण्य म्हणून जाहीर झाले. 1985 साली त्याचा विस्तार होऊन राधानगरी अभयारण्य सुमारे 351 चौरस किलोमीटरचे झाले. 2012 साली पश्चिम घाटातील जागतिक वारशाच्या स्थळांत त्याची गणना झाली. जेथे एके काळी राजेलोकांची शिकार चाले, तेथे आता बंदुकीला बंदी आहे, आणि उन्हाळ्यात रानातील पाणवठे आटू लागले की गव्यांचे कळप पाण्याच्या शोधात खाली उतरतात.